सापेक्ष गती आणि संदर्भ चौकट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सापेक्ष वेगाची गणितं बहुतेक विद्यार्थ्यांना सुटतात. सूत्र पाठ असतं, उत्तर बरोबर येतं. पण "हा वेग कुणाच्या दृष्टीनं?" असं विचारलं की बरेच जण थबकतात. माझ्या मते या विषयातला खरा प्रश्न तेवढा एकच आहे. खालचे प्रश्न शिकवताना वर्षानुवर्षं समोर येत राहिलेले आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाचं मूळ त्या एका प्रश्नात सापडतं.

संदर्भ चौकट म्हणजे नेमकं काय?

मोजपट्टी आणि घड्याळ तुम्ही कशाला बांधलं आहे, ती तुमची संदर्भ चौकट. धावत्या आगगाडीत बसून तुम्ही म्हणालात, "माझी पिशवी मागच्या दारापासून १२ मीटरवर आहे," तर मोजपट्टी डब्याला बांधलेली आहे. तासाभरानंतरही ते अंतर १२ मीटरच राहील, म्हणजे डब्याच्या चौकटीत पिशवी स्थिर आहे. रुळाशेजारच्या खांबापासून त्याच पिशवीचं अंतर मात्र क्षणाक्षणाला बदलतंय. पिशवी एक, चौकटी दोन, आणि दोन्ही मोजमापं अचूक.

इथे एक गफलत होते. चौकट म्हणजे कुणाची तरी नजर, असं मुलांना वाटतं. तसं नाही. डब्यात कुणी बसलेलं नसलं तरी डब्याची चौकट असतेच. निरीक्षक हा शब्द आपण सोयीसाठी वापरतो.

मग एखादी वस्तू 'खरोखर' स्थिर आहे की नाही, हे कसं ठरवायचं?

ठरवता येत नाही. साधनं कमी पडतात म्हणून नव्हे, तर त्या प्रश्नाला अर्थच नाही म्हणून. वेग हा वस्तूच्या अंगचा गुण नसतो, तो दोन गोष्टींमधलं नातं असतो. वस्तुमान सांगताना "कुणाच्या तुलनेत?" असं विचारावं लागत नाही, वेग सांगताना ते विचारावंच लागतं.

तुम्ही खुर्चीत शांत बसला आहात. जमिनीच्या चौकटीत तुमचा वेग शून्य. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे विषुववृत्तावरचा माणूस तिच्या अक्षाभोवती सेकंदाला सुमारे ४६५ मीटर वेगानं जातोय. सूर्याच्या चौकटीत पृथ्वीच सेकंदाला जवळपास ३० किलोमीटर धावतेय, आणि सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला दोनशेहून जास्त किलोमीटर. यातला खरा वेग कोणता? सगळेच, आपापल्या चौकटीत.

स्टेशनात शेजारची गाडी हलली की आपलीच गाडी निघाली असं का वाटतं?

हा अनुभव बहुतेकांना आलेला असतो. आपण खिडकीशी बसलेलो, काचेत दुसऱ्या गाडीचे डबे भरून दिसताहेत. ते अलगद मागे सरकू लागतात आणि पोटात हललं, आपण निघालो, असं वाटतं. मग शेवटचा डबा निघून जातो, पलीकडचा फलाट आपला जागच्या जागी उभा!

कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी इंद्रियं असतात, पण ती फक्त त्वरण, म्हणजे वेगातला बदल, ओळखतात. एकसमान वेग त्यांना कळतच नाही. सावकाश सुरू होणाऱ्या गाडीचं त्वरण इतकं कमी असतं की कान जवळपास गप्प राहतो आणि निर्णय डोळ्यांवर येतो. डोळ्यांसमोरचं मोठं दृश्य स्थिर असणार हे मेंदू गृहीत धरतो, म्हणून तो गती आपल्याला चिकटवून टाकतो. शरीराची ही फसगत मला फार मोलाची वाटते. नुसत्या वेगाची जाणीव होण्याची सोय निसर्गात नाही, हे भौतिकशास्त्र आपल्याला खिडकीतून दाखवून देतं.

सापेक्ष वेग काढायचा कसा? बेरीज करायची की वजाबाकी?

नेहमी वजाबाकी. 'अ'चा 'ब'च्या सापेक्ष वेग म्हणजे 'अ'चा वेग वजा 'ब'चा वेग, आणि दोन्ही वेग एकाच चौकटीत मोजलेले हवेत. "विरुद्ध दिशेला असतील तर बेरीज, एका दिशेला असतील तर वजाबाकी" हा नियम पाठ करू नका. तो सरळ रेषेपुरता चालतो आणि कोन आला की दगा देतो. एक दिशा धन माना, उलटी ऋण माना, बेरीज हवी तिथे ती आपोआप होते.

एक गाडी २०० मीटर लांब, वेग ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर. दुसरी १५० मीटर लांब, ताशी ५४ किमी, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. समोरासमोरून आल्या तर सापेक्ष वेग २० − (−१५) = ३५, आणि ३५० मीटर ओलांडायला १० सेकंद. एकाच दिशेनं जात असतील तर सापेक्ष वेग ५, आणि ओलांडायला ७० सेकंद. ही दोन्ही उत्तरं मिळवताना आपण खरं तर दुसऱ्या गाडीत जाऊन बसलो, ती स्थिर मानली आणि पहिलीकडे पाहिलं. सूत्रापेक्षा हे जागा बदलणं लक्षात ठेवा.

पाऊस सरळ पडत असताना चालू लागलं की छत्री पुढे का झुकवावी लागते?

कारण तुमच्या चौकटीत पाऊस सरळ पडतच नाही. मध्यम आकाराचा थेंब सेकंदाला साधारण ६ मीटर वेगानं खाली येतो. तुम्ही सेकंदाला दीड मीटर चालताय. थेंबाच्या वेगातून तुमचा वेग वजा केला की थेंबाला ६ मीटर खाली आणि दीड मीटर तुमच्या अंगावर असा वेग मिळतो. झुकावाच्या कोनाची टॅन किंमत १.५ भागिले ६, म्हणजे कोन सुमारे १४ अंश. सेकंदाला ३ मीटर धावलात तर तो २७ अंशांच्या आसपास जातो. सेकंदाला १५ मीटर जाणाऱ्या मोटारीतून पाहिलं तर ६८ अंश, म्हणजे पाऊस जवळजवळ आडवाच येताना दिसतो.

हेच गणित आकाशात एकदा फार मोठं काम करून गेलं. १७२० च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स ब्रॅडली एका ताऱ्याचं स्थान बारकाईनं मोजत होते. वर्षभरात तारा किंचित सरकून परत मूळ जागी येत होता, पण पृथ्वीची जागा बदलल्यामुळे ज्या दिशेला सरकायला हवा होता त्या दिशेला नाही. उलगडा छत्रीसारखाच आहे. ताऱ्याचा प्रकाश हा पाऊस आणि पृथ्वी हा चालणारा माणूस. पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ३० किमी, प्रकाशाचा सुमारे ३ लाख किमी. भागाकार दहा हजारांश, म्हणजे जवळपास २०.५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). दुर्बीण तेवढी 'पुढे झुकवावी' लागते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा हा पहिला थेट पुरावा मानला जातो.

नदी कमीत कमी वेळात ओलांडणं आणि बरोबर समोर पोहोचणं यांत फरक काय?

पात्र २०० मीटर, प्रवाह सेकंदाला ३ मीटर, बोट पाण्याच्या सापेक्ष सेकंदाला ४ मीटर. नाक सरळ समोरच्या काठाकडे ठेवलं तर ५० सेकंदांत पलीकडे, पण १५० मीटर खाली वाहून जाऊन. बरोबर समोर उतरायचं असेल तर नाक प्रवाहाच्या उलट, सरळ रेषेपासून सुमारे ४९ अंश वळवावं लागतं. मग पार करण्यासाठी ४ वर्ग वजा ३ वर्ग याचं वर्गमूळ, म्हणजे २.६५ एवढाच वेग उरतो आणि ७५ सेकंदांहून जास्त लागतात.

पहिल्या प्रकारात प्रवाह कितीही वाढला तरी वेळ ५० सेकंदच राहतो, हे पुष्कळांच्या गळी उतरत नाही. पाण्याच्या चौकटीत जा. तिथे पाणी स्थिर आहे, बोट सरळ जातेय आणि दोन्ही काठ बाजूला सरकताहेत. काठ सरकले म्हणून पात्र रुंद होत नाही. दुसऱ्या प्रकारात मात्र प्रवाह सेकंदाला ४ मीटर किंवा जास्त झाला तर बरोबर समोर पोहोचणं अशक्यच.

पृथ्वी एवढ्या वेगानं फिरते, मग उडी मारल्यावर ती पायांखालून सरकून का जात नाही?

हा आक्षेप फार जुना आणि तितकाच प्रामाणिक आहे. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटांनी पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मांडलं आणि नावेचा दाखला दिला: पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच अचल तारे पश्चिमेला जाताना दिसतात. सहाव्या शतकात वराहमिहिरांनी हरकत घेतली. पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांपर्यंत परत पोहोचलेच नसते.

हरकतीतली उणीव अशी, की पक्षी उडताना पृथ्वीचा वेग जमिनीवर ठेवून जात नाही. तो वेग त्याच्याजवळ आधीपासूनच असतो, आणि तो ज्या हवेतून उडतो तिच्याजवळही. ताशी ७२ किमी वेगानं धावणाऱ्या गाडीत तुम्ही अर्धा सेकंद हवेत राहिलात तर तेवढ्यात गाडी १० मीटर पुढे जाते. पण तुम्हीही १० मीटर पुढे जाता, म्हणून पाय त्याच जागी टेकतात. गॅलिलिओनं १६३२ मध्ये जहाजाच्या बंद खोलीचा दाखला देऊन हेच सांगितलं. टपकणारं पाणी, उडणारी फुलपाखरं, पोहणारे मासे, यांतलं काहीही पाहून जहाज थांबलंय की एकसारखं चाललंय हे ओळखता येणार नाही.

पूर्ण सत्य सांगायचं तर थोडा फरक पडतो. विषुववृत्तावर १०० मीटर उंचीवरून सोडलेला दगड सरळ खाली न पडता सुमारे २ सेंटिमीटर पूर्वेला पडतो, कारण मनोऱ्याचं टोक पायथ्यापेक्षा किंचित जास्त वेगानं फिरत असतं.

जडत्वीय चौकट कोणती आणि अजडत्वीय कोणती?

बल नसेल तर वस्तू सरळ रेषेत, एकसमान वेगानं जाते, हा न्यूटनचा पहिला नियम जिथे जसाच्या तसा लागू पडतो ती जडत्वीय चौकट. ब्रेक मारणारी, वळणारी, वेग घेणारी प्रत्येक चौकट अजडत्वीय. काटेकोरपणे पृथ्वीही अजडत्वीय आहे, पण तिच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे येणारं त्वरण विषुववृत्तावरही ०.०३४ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढंच आहे, गुरुत्व त्वरणाच्या जेमतेम ०.३ टक्के. प्रयोगशाळेतल्या बहुतेक कामांना तिला जडत्वीय मानलं तरी चालतं.

अपकेंद्री बल खरं की खोटं?

या प्रश्नावर वर्गात नेहमी दोन तट पडतात. एक गट म्हणतो, वळणावर मी बाहेर ढकलला गेलो, मला जाणवलं. दुसरा गट म्हणतो, पुस्तकात ते आभासी लिहिलंय.

मोटारीच्या पुढच्या सपाट कप्प्यावर एक गुळगुळीत चेंडू ठेवा. गाडी सेकंदाला १५ मीटर वेगानं, ५० मीटर त्रिज्येच्या वळणावर डावीकडे वळते. चेंडू उजवीकडे घरंगळत जातो आणि दारावर आदळतो. आता हेच उंच गच्चीवरून पाहा. चेंडू मुळीच उजवीकडे गेला नाही. त्याच्यावर आडवं बल नव्हतंच, तो आपला सरळ पुढे जात राहिला, आणि गाडीचं उजवं दार डावीकडे वळत त्याच्यापर्यंत आलं. जमिनीच्या चौकटीत गोष्ट एवढ्यावर संपते.

गाडीच्या चौकटीत मात्र चेंडू विनाकारण उजवीकडे गेला. न्यूटनचे नियम तिथे वापरायचे असतील तर हिशोबात एक बल मांडावं लागतं, वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, बाहेरच्या दिशेनं. इथे त्याचं त्वरण ४.५ येतं, गुरुत्व त्वरणाच्या जवळपास निम्मं. हेच अपकेंद्री बल. त्याला आपण आभासी म्हणतो, कारण ते लावणारी वस्तू दाखवता येत नाही आणि त्याला प्रतिक्रिया बल नसतं. पण म्हणून ते चुकीचं ठरत नाही. त्या चौकटीत ते घेतल्याशिवाय उत्तर येत नाही.

चूक होते ती दोन चौकटींची सरमिसळ केल्यावर. एकाच आकृतीत आत अभिकेंद्री, बाहेर अपकेंद्री, दोन्ही समान, म्हणून गाडी वळते, असं शेकडो उत्तरपत्रिकांत लिहिलेलं असतं. दोन्ही बलं समान आणि विरुद्ध असतील तर जमिनीच्या चौकटीत गाडी सरळच जायला हवी! आधी चौकट लिहा, मग बलं काढा.

ब्रेक मारल्यावर माणसं पुढे जातात, पण हेलियमचा फुगा मागे का जातो?

करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. काचा बंद असलेल्या गाडीत हेलियमचा फुगा दोरीनं खाली बांधा. ब्रेक लागताच सगळे पुढे झुकतात आणि फुगा चक्क मागच्या सीटकडे कलतो. गाडीच्या चौकटीत आभासी बल पुढच्या दिशेनं आहे आणि ते हवेवरही आहे. हवा फुग्यापेक्षा जड, म्हणून ती पुढे दाटते आणि फुग्याला मागे रेटते. खाली ओढणाऱ्या गुरुत्वात फुगा वर जातो, पुढे ओढणाऱ्या बलात मागे जातो, कारण एकच.

लिफ्टमध्ये वजनकाटा ठेवूनही हेच दिसतं. लिफ्ट वर जाताना त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल तर ६० किलोच्या माणसाचं वजन काटा सुमारे ६६ किलो दाखवतो. वेग एकसमान झाला की आकडा पुन्हा ६०, लिफ्ट कितीही वेगात असली तरी.

अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं का?

असतं, आणि भरपूर असतं. ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के आहे. स्थानक आणि आतली माणसं एकाच त्वरणानं पृथ्वीकडे पडत असतात, म्हणून स्थानकाच्या चौकटीत सगळं तरंगतं. हे स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं जातं, तरी त्याला जोडलं जाणारं यान शेवटच्या क्षणी चालत्या माणसापेक्षाही हळू त्याच्याकडे सरकतं, कारण तिथे महत्त्वाचा वेग फक्त त्या दोघांमधला.

पृथ्वी फिरते हे बाहेर न पाहता, खोलीत बसून ओळखता येईल का?

येईल. एकसमान सरळ गती लपते, फिरणं लपत नाही. १८५१ मध्ये लेऑं फुकोनं पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगून तो झुलवला. लंबकाच्या झुलण्याची दिशा तासाला सुमारे ११ अंशांनी वळत गेली. लंबकाला वळवणारं कुणीच नव्हतं, खालची जमीन वळत होती. ध्रुवावर हा फेरा एका दिवसात पुरा होतो, विषुववृत्तावर मुळीच होत नाही.

जमिनीच्या चौकटीत हेच कोरिओलिस बल नावाचं आभासी बल म्हणून मांडतात आणि चक्रीवादळं कोणत्या दिशेनं फिरतात हे त्यावरच ठरतं. हात धुण्याच्या भांड्यातलं पाणी मात्र त्यामुळे वळत नाही. एवढ्याशा अंतरात ते बल फार क्षीण असतं, भांड्याचा आकार आणि पाण्यातली आधीची हालचाल त्याला सहज मागे टाकते.

मंगळ 'वक्री' होतो म्हणजे तो खरंच उलटा फिरतो का?

नाही. सूर्याच्या चौकटीत मंगळ सेकंदाला सुमारे २४ किमी वेगानं कायम एकाच दिशेनं जातो. आतल्या कक्षेतली पृथ्वी ३० किमी वेगानं त्याला गाठून पुढे निघते तेव्हा, साधारण दर २६ महिन्यांनी, तो दोन-अडीच महिने ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकताना दिसतो. ओव्हरटेक केलेली गाडी दूरच्या डोंगरापुढे मागे जाताना दिसते तसंच.

दोन मोटारी प्रत्येकी ताशी ५० किमीनं समोरासमोर आदळल्या, तर ते ताशी १०० किमीनं भिंतीवर आदळण्यासारखं आहे का?

सापेक्ष वेग १०० आहे, म्हणून "हो" असं उत्तर पटकन दिलं जातं. ते चूक आहे. मोटारी सारख्या असतील तर प्रत्येकीचा वेग ५० वरून शून्यावर येतो, पक्क्या भिंतीवर ५० नं आदळल्यावर येतो तसाच. १०० च्या वेगानं भिंतीवर आदळणं चौपट गतिज ऊर्जेचं आहे.

हां, ताशी १०० किमीनं एका थांबलेल्या, ब्रेक न लावलेल्या तशाच मोटारीवर आदळणं हे मूळ टकरीइतकंच आहे, कारण ती तीच टक्कर वेगळ्या चौकटीतून पाहिलेली आहे. गतिज ऊर्जा चौकटीप्रमाणे बदलते. टकरीत पत्रा किती चेपतो हे मात्र कुठल्याही चौकटीतून पाहिलं तरी बदलत नाही, आणि तेवढी ऊर्जा प्रत्येक चौकटीत सारखीच भरते.

प्रकाशालाही वेगांची वजाबाकी लागू होते का?

नाही, आणि इथे जुनं गणित थांबतं. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले यांनी पृथ्वीच्या गतीमुळे प्रकाशाच्या वेगात दिशेनुसार पडणारा फरक शोधला, तो सापडला नाही. १९०५ मध्ये आइनस्टाइननं प्रत्येक जडत्वीय चौकटीत प्रकाशाचा निर्वातातला वेग सारखाच, सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, हे मूळ तत्त्व म्हणून धरलं. त्यातून वेगांच्या बेरजेचा नवा नियम आला: साधी बेरीज भागिले, १ अधिक दोन्ही वेगांचा गुणाकार भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. प्रकाशाच्या निम्म्या वेगानं समोरासमोर येणाऱ्या दोन यानांचा सापेक्ष वेग १ पट न येता ०.८ पट येतो. आगगाड्यांसाठी हा फरक इतका सूक्ष्म आहे की साधी वजाबाकी निर्धास्त वापरावी.

या बदलाची किंमत काळ आणि अंतर मोजतात. वातावरणात सुमारे १५ किमी उंचीवर म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे जवळपास प्रकाशाच्या वेगानं गेले तरी साधारण ६६० मीटरांत बहुतेकांनी संपायला हवं. तरीही ते जमिनीवर भरपूर पोहोचतात. जमिनीच्या चौकटीतलं स्पष्टीकरण असं, की प्रकाशाच्या ०.९९८ पट वेगानं जाणाऱ्या म्युऑनचं घड्याळ सुमारे १६ पट हळू चालतं. म्युऑनच्या चौकटीत त्याचं घड्याळ अगदी नीट चालू असतं, आयुष्य तेवढंच छोटं असतं. फक्त समोरून धावत येणाऱ्या वातावरणाची जाडी तिथे १५ किमी नसते, ती एक किलोमीटरहूनही कमी भरते.